कबरस्तानातली लल्ला

माझी मोठी जाऊ दलेंदा हयातभर सार्डिनच्या कारखान्यात मासळी साफ करत होती. त्यामुळे आमच्या रास मल्ह गावची यच्चयावत कुत्री तिच्या मागे. नोकरी सुटली, पण मासळीचा वास सुटला नाही आणि कुत्रीही सुटली नाहीत. आमचं कबरस्तान समुद्रात घुसलेल्या टोकावर आहे. पांढऱ्या कबरी थेट खडकांपर्यंत उतरत जातात, आणि कुत्री तिथेच राहतात. दलेंदा दुपारी शिळा पाव आणि माशांची डोकी घेऊन निघाली की दीर दारातून ओरडायचे, "त्यांचं झालं की मलाही वाढ गं, उरलं तर!"

"आधी शेपूट हलवायला शिका," ती वळूनही न बघता म्हणायची.

एका हिवाळ्यात पालिकेने कुत्री मारायला बंदूकवाले पाठवले. पहाटे गोळ्या झाडल्या. उजाडल्यावर आम्ही गेलो तर सासऱ्यांच्या कबरीवर रक्त सांडलेलं, आणि एक पिल्लू मेलेल्या आईला ढुशा देत उभं. दलेंदाने बादलीभर पाणी आणलं, कबर धुतली, पिल्लू शालीत गुंडाळलं आणि तशीच ओल्या हातांनी पालिकेत गेली. मी तिच्या मागे.

"बाई, कुत्री चावतात," अध्यक्ष म्हणाले.

ते खोटं नव्हतं. मडकी समुद्रात सोडून ऑक्टोपस धरणारा म्हातारा शाडली तिथेच बसला होता. पिल्लं घातलेल्या पिवळ्या कुत्रीच्या फार जवळ गेला आणि तिने त्याची पोटरी फोडली. तो विजार वर करून येणाऱ्याजाणाऱ्याला जखम दाखवत होता.

"चावतात तर सुया टोचा," दलेंदा म्हणाली. "ऑपरेशन करा, म्हणजे पिल्लं वाढणार नाहीत. पण ज्यांना आपल्या हातांनी मातीत ठेवलं त्यांच्या उशाशी गोळ्या झाडता? तुमचे वडीलही तिथेच आहेत ना?"

शेवटी अध्यक्षांनी रमजान लागेपर्यंत मुदत दिली. ऑपरेशन झाल्याचा निळा बिल्ला ज्याच्या कानात, त्याला कोणी हात लावायचा नाही. ज्याच्या कानात नाही, त्याला गोळी.

मग स्फाक्स शहरातून जनावरांची डॉक्टर यायला लागली. इनेस तिचं नाव. वयाने लहान, तोंडाने फटकळ. कारखान्याच्या रिकाम्या बर्फखान्यात ती ऑपरेशनं करायची. तिचा एकच हट्ट होता: ज्या जागेवरून कुत्रं उचललं, बरं झाल्यावर त्याच जागी सोडायचं.

"दोन कबरी इकडे तिकडे झाल्या तर काय बिघडलं?" मी एकदा म्हटलं.

"तुम्हाला कोणी शेजारच्या घरात नेऊन सोडलं तर चालेल का, मावशी?" ती म्हणाली.

एकेक करून सगळी कुत्री गाडीतून गेली आणि कानात निळा बिल्ला घेऊन परत आली. फक्त ती पिवळी कुत्री सापडेना. दलेंदा तिला लल्ला म्हणायची, म्हणजे बाईसाहेब. होतीच तशी. जुन्या पडक्या कमानीवर उंच बसून ती सगळं बघायची. जाळं टाकलं की खडकांवरून खाली पसार. मांसात झोपेची गोळी घातली तर मांस खाऊन गोळी तेवढी बाजूला काढून ठेवली. पण कुठलंही कुत्रं परत आलं की ती खाली उतरायची. त्याला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगायची, टाक्यांपाशी थांबायची, कान चाटायची आणि पुन्हा वर जाऊन बसायची.

"तपासनीस आहे मेली," इनेस वैतागून म्हणायची.

बघता बघता रमजानचा आदला दिवस आला. दुसऱ्या दिवशी पहाटे बंदूकवाले येणार होते. रमजानच्या आदल्या दिवशी अख्खं गाव कबरस्तानात असतं, कबरी धुवायला, गेलेल्यांसाठी फातिहा म्हणायला. शाडलीही बायकोच्या कबरीला चुना लावत होता. इनेसची गाडी फाटकात उभी होती, मागचं दार उघडं, आत रिकामा पिंजरा. दुपारपासून इनेस आणि दलेंदाने लल्लाला धरायला सगळं करून बघितलं होतं. दलेंदा गाडीजवळच्या दगडावर बसली होती. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"आता मी काय करू, मावशी?" इनेसने विचारलं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ती बघा."

लल्ला कमानीवरून उतरत होती. पळत नव्हती. कबरींच्या मधल्या वाटेने, माणसांच्या पायांजवळून ती सावकाश चालत आली. लोक आपोआप बाजूला झाले. शाडलीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. त्याच्या पायाजवळून ती गेली तेव्हा त्याने श्वाससुद्धा घेतला नसेल. दलेंदासमोर ती थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तिने पुढचे पाय गाडीत ठेवले, अंग वर ओढलं, पिंजऱ्यात शिरली, गोल फिरली आणि पंजांवर हनुवटी टेकून आडवी झाली.

समुद्राशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी मुलं जन्मताना पाहिली आहेत, माणसं जाताना पाहिली आहेत, तेव्हाच फक्त मला असं झालं होतं.

इनेस दाराला हात लावेना. मग वाकून तिने हळूच विचारलं, "लावू?" ते तिने आमच्यापैकी कोणालाही विचारलं नव्हतं.

लल्लाने डोळे मिटले.

शाडलीने डोक्यावरची लाल टोपी काढली आणि छातीशी धरली. "गाडी सावकाश ने, डॉक्टर," तो म्हणाला. "कारखान्याच्या वळणावर मोठा खड्डा आहे."

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. पहाटे बंदूकवाले आले, प्रत्येक कुत्र्याच्या कानात निळा बिल्ला बघून कबरस्तानाला फेरी मारली आणि निघून गेले. ईदनंतर पालिकेने बंदुकीचा हुकूम रद्द केला आणि बर्फखाना कायमचा डॉक्टरच्या हवाली केला.

"परत आलेल्या एकाच्याही अंगाला तिला भीतीचा वास आला नसेल, म्हणून ती आली असेल," इनेस नंतर म्हणाली. "एवढंच मला समजतं, मावशी. बाकीचं नाही."

दलेंदाला मी खूपदा विचारलं, तू तिला डोळ्यांनी काय सांगितलंस. ती म्हणते, "मी काहीच नाही सांगितलं गं. मी नुसती घाबरले होते. मला वाटतं, ती मलाच धीर द्यायला आली होती."