पहाऱ्याची जागा

म्हाताऱ्याने लेकीला खांद्यांना धरून रस्त्याकडे वळवले आणि तिच्या पायाखालचे खडे बुटाने बाजूला सारले.

"इथं उभी राहा. मिस्सा संपेपर्यंत मागं बघायचं नाही."

"माहितीये, बाबा. लहानपणापासून ऐकतेय."

ती गोष्ट साऱ्या गावालाच पाठ होती. धर्मावर बंदी होती तेव्हा लोक टेकडीवरच्या या सपाट खडकाची वेदी करून चोरून मिस्साची उपासना ऐकत. म्हाताऱ्याचा पूर्वज पहाऱ्याला असे. एकदा फादरनी ख्रिस्ताचे शरीर मानलेली भाकर उंचावली आणि त्याला राहवले नाही. त्याने क्षणभर मान वळवली. तेवढ्यात शिपाई आले. फादर खडकावरच मारले गेले. तेव्हापासून वर्षातून एकदा इथे मिस्सा होते आणि त्या घरातले एक माणूस वेदीकडे पाठ करून उभे राहते. कोणी ठोठावली नाही, तरी शिक्षाच ती.

म्हातारा बसचा ड्रायव्हर होता. रोज पगारी रस्ता बघायचा आणि वर्षाकाठी हा बिनपगारी. यंदा गुडघ्यांनीच हात टेकले.

तरुण फादर जवळ आले. "बाबा, आता कोण येणार आहे? दोघंही पुढं बसा की."

"आमच्या त्या पूर्वजाला तरी त्या दिवशी दुसरं काय वाटलं असेल, फादर?"

फादरांनी हाताला धरून म्हाताऱ्याला पुढच्या खुर्चीवर बसवले.

तो पार थकला होता. पण एक इच्छा होती, बायकोलाही कधी न सांगितलेली. चर्चमध्ये भाकर दर रविवारी दिसे; या खडकावरची मरायच्या आधी एकदा बघायची होती.

घंटी वाजली. फादरांचे हात वर गेले. लहानशी पांढरी भाकर, मागे आभाळ. बघता बघता हात खाली आले. एवढ्याशासाठी मान वळवणाऱ्या त्या माणसाचा म्हाताऱ्याला जन्मभर राग होता. आज तो आला नाही.

लेक नीट उभी आहे ना, म्हणून त्याने मागे पाहिले. पाठ दिसायला हवी होती. तिचा चेहरा दिसला. वेदीकडे तिचे लक्षच नव्हते. ती बापाकडे बघत होती.

रस्ता दाखवायला त्याने हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. तिच्या खांद्यावरून रस्ता पार खालपर्यंत दिसत होता. तिला हवे तेवढे बघू देत तो रस्त्यावर नजर ठेवून बसला.