दोनदा रंगलेला गहू

"वहिनी, बाजूला सर. ट्रॅक्टर चालू हाय."

"दिसतंय मला. डोळं शाबूत हायत माझं."

मेत्रोने नांगर शेताच्या कडेला आणून उभा केला होता आणि ओरिसिया त्याच्या वाटेत उभी होती. पायांत रबरी बूट, डोईचा रुमाल हनुवटीखाली गच्च बांधलेला. नाताळापासून या दीर-भावजयींत एका शब्दाचीही देवाणघेवाण झाली नव्हती. आमच्याकडे नाताळच्या आदल्या रात्री, पहिला तारा दिसल्यावर, घरातल्या गेलेल्या माणसासाठी जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची मोकळी ठेवतात. त्या रात्री मेत्रो थंडीतून गुरांचे करून दमूनभागून आला आणि नेमका थोरल्या भावाच्या, म्हणजे ओरिसियाच्या नवऱ्याच्या, स्तेफानच्या त्या रिकाम्या खुर्चीवर बसला. ओरिसिया काही बोलली नाही. पुढेही बोलली नाही. शेती मात्र दोघांची एकच. तेव्हा कामे मुक्यानेच चालली होती.

थंड उत्तरेकडच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या आमच्या त्या उघड्या माळावर वसंतात वारा असा सुटतो की मातीला स्वस्थ बसू देत नाही. त्या वर्षी पाऊसही नव्हता. शेजारपाजारची शेते पोपटी झाली होती आणि यांचा तुकडा तेवढा करडा, भाकरीच्या करपल्या पापुद्र्यासारखा पडून होता.

"चर्चमधी लोक हसत्यात," मेत्रो म्हणाला. "मेत्रोनं खडं पेरलं म्हनून. आज पालथं घालतो आन् मोहरी टाकतो."

"त्यात तुझ्या भावाचा गहू हाय."

हे मेत्रोलाही ठाऊक होते. स्तेफानने हयातभर एकेक ओंबी पारखून राखलेले ते वाण. मागच्या गारपिटीने बाकीचे नेले. उरले होते ते सगळे बियाणे याच मातीत गेले होते. घरात मूठभरही शिल्लक नव्हते.

"माझा भाऊ हुता त्यो, वहिनी. मलाबी कळतं. पर मेलेलं किती दिवस राखायचं?"

"मेलंय कशावरून? बियाण्याला बुरशीचं लाल औषध नीट लावलं असतंस तर ही येळ आली नसती. फिकट गुलाबी बियाणं! स्तेफान लावायचा तेव्हा दाना बीटासारखा लाल दिसायचा. कंजूष मेला! शेवटी म्याच परत लावलं."

मेत्रोने ट्रॅक्टर बंद केला. वाऱ्याचा आवाज एकदम मोठा झाला.

"काय केलंस?"

"काणीची बुरशी पडंल म्हनून परत चोळलं. लालभडक होईस्तोवर."

"अगं, पुऱ्या मापानं लावलं हुतं म्या! ह्या साली रंगच फिका आला हुता त्यात. इचारायचं तरी!"

"कुनाला इचारू? तू बोलत हुतास व्हय?"

"तू बोलत हुतीस व्हय?"

एवढ्यात मेत्रोची लेक लारिसा गाडीतून उतरली. ती पीकतज्ज्ञ, नांगर निघाल्याचे ऐकून आली होती. सारे ऐकून घेऊन तिने कपाळावर हात मारला, मग फावडे घेऊन गुडघ्यांवर बसली. ओल खोल गेली म्हणून पेरणीही खोल केलेली. चार बोटे माती काढल्यावर खाली कोंब सापडले. आखूड, जाड, गुंडाळी झालेले, जणू दाराशी येऊन अडलेली माणसे.

"बघ, मेलंय," मेत्रो म्हणाला.

"मेलेलं नाही, बाबा. गुंगलंय. हे औषध बुरशीची वाढ थांबवतं. दुप्पट झालं तर कोंबाचीही खुंटवतं. पण गहू ते अंगात मुरू देऊन बसत नाही. औषधाचे तुकडे करतो, वर स्वतःची साखर चिकटवतो आणि पेशीच्या आतल्या कोठडीत कोंडून टाकतो. एकदा कोंडलं की त्याचा जोर संपला. हे आत्ता, ह्या क्षणी चाललंय ह्याच्यात."

ओरिसियाने तो कोंब तळहातावर घेतला. देवापुढचे फूल उचलावे तसा.

"मंग करू दे की त्याला त्याचं काम."

"काकू, पण दाण्यातली शिदोरी संपत आली आहे. विषाशी लढायचं आणि वर चार बोटं मातीही फोडायची, दोन्ही नाही जमायचं त्याला. बाबांचं अगदीच चूक नाही."

"त्याला वर येववत न्हाई, तर माती खाली आनू. दातांचा जुना कुळव हाय न्हवं? वरची कोरडी माती हलक्या हातानं वढून काढायची."

लारिसाने विचार केला. "कोंब तुटतील पुष्कळ. निम्मे येतील, कदाचित तेही नाही."

"निम्मं तर निम्मं. नांगर घातला तर कायच न्हाई. भावजी, नांगर सोड. न्हायतर माझ्यावरनं ने."

मेत्रो खाली उतरला, नांगराची खीळ काढली आणि कुळव जोडायला गेला. जाता जाता एवढेच म्हणाला, "हलका हात तुझा कवा हुता? म्याच चालवतो."

पुढच्या रविवारी पेंटेकॉस्टचा सण होता. त्या दिवशी चर्चमध्ये हिरव्या डहाळ्या लावतात आणि फादर वासिल तीर्थ घेऊन शेतोशेत फिरतात. मंडळी गात गात यांच्या बांधाशी आली आणि थबकली. मागून कोणी तरी म्हणाले, "हितं काय शिंपायचं, फादर? धूळ?"

ओरिसिया वळली. "धूळ न्हाई ती. खाली मानूस काम करतंय, बाहेर दिसत न्हाई म्हनून थुंकायचं का त्याच्या दारात? फादर, शिंपा. आन् जरा जास्तच शिंपा, पाऊस न्हाई."

हशा पिकला; फादरही हसले, पण त्यांनी कुंचला पुन्हा पाण्यात बुडवला. गाणे चालू झाले तेव्हा मेत्रोचा बसका आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग ऊन तापले. आधी कुळवाच्या दातांच्या रेघांमध्ये, मग इतस्ततः, पाती निघाली. वेडीवाकडी, दुमडलेली, पण रंगाने अशी गर्द की शेजारची पोपटी शेते त्यांच्यापुढे आजारी वाटावीत. दाट नव्हती. मोकळ्या जागा फार होत्या. त्या भरून येणार नव्हत्या.

दोघे बांधावर उभे होते.

"धंद्यापुरतं न्हाय हुनार, वहिनी."

"बियाण्यापुरतं हुईल."

"आन् पुढल्या साली औषध कोन लावनार?"

"तूच लाव," ओरिसिया म्हणाली. "पर घरात येऊन सांग, लावलं म्हनून. आन् नाताळला तुझ्या सोताच्या खुर्चीवर बस. मी मांडून ठेवीन."