मुंग्या आणणारी दोरी

चेतनाला विहारात बसायची रीतच नव्हती. सगळे हात जोडून त्रिशरण म्हणायचे आणि ही बया भिंतीला टेकून जांभया द्यायची. "लोणखेडाना कॉलेजमा गयी, ना हात जोडाले इसरनी!" तिची आजी तापीबाई अख्ख्या आळीला ऐकवायची.

आज मात्र तरुण पोरांनीच विहार भरला होता. ध्यानगुरू बोधितरंग आले होते. परित्राण पाठाला सगळे मिळून धरतात ती पांढरी दोरी त्यांनी स्वतःची आणलेली, कलशही स्वतःचा, वर कापड झाकलेलं. फरशी ओली करून सगळ्यांना अनवाणी उभं केलं.

"धरा दोरी! अडीच हजार वर्षांची कंपनं, थेट बोधिवृक्षाच्या मुळातून!"

आणि खरंच हातांना मुंग्या आल्या. पोरांनी मोबाइल काढले. "माय वं! बुद्धनी मन्हा हात धरा!" तापीबाई ओरडली. तिच्या सासऱ्याने दीक्षा घेऊन देव्हारा उतरवल्यापासून त्यांच्या घरात कुणाच्या अंगात आलं नव्हतं. आज दोरीतून आलं.

"माताजी, रक्तदाबाच्या गोळ्या आजपासून बंद," गुरूंनी फर्मावलं.

तापीबाईने कनवटीची पुडी काढून गुरूंच्या पायाशी ठेवली. चेतना भिंत सोडून पुढे आली. होळीला गोळ्या चुकल्या तेव्हा म्हातारी अंगणात कोसळली होती.

"मोठीमाय, बुद्धना तरंग घड्याळसारखा टक-टक येतस का?" आजीला विचारत चेतना प्लास्टिकच्या खुर्चीवर चढली, दोरी धरली. काही नाही. "आते तू चढ."

"पाखंडी पोरगी! श्रद्धा मोडते!" गुरू गरजले.

गुडघ्यांना शिव्या देत तापीबाई चढली. एकही मुंगी नाही. "का रे भो, तुन्हा बुद्धले खुर्ची चालत नही का?"

चेतनाने कापड ओढलं. कलशाआड झटका मशीन! रानडुकरं हाकलायला पपईच्या वावराला लावतात तेच, झटका कमी केलेलं. एक वायर पोलादी तारा विणलेल्या दोरीला, दुसरी ओल्या फरशीत. अनवाणी माणसातून वीज जमिनीत उतरायची. खुर्चीवर तिची वाट तुटायची.

"आमले डुकरं समजना का रे?" कुणीतरी ओरडलं, तोवर गुरू चपला सोडून पळाले होते.

तापीबाईने पुडी उचलून गोळी पाण्याशिवायच गिळली आणि नातीकडे वळली.

"तू हात जोडस नही, ते मले आजबी आवडत नही. पण गुरू सांगस म्हणीसन मानू नका, पारखी ल्या, हाई बुद्धनीच सांगेल शे. मी रोज वंदना करीसन इसरी गयी, तू जांभया दिसन ध्यानमा ठेवं. आते जाय, मशीन बंद कर, आनि दोरीनं दुसरं टोक या सगळा पोरेस्ले, बठ्ठास्ले दखाड!"