मिस्त्रींचा कान

गाडी दुरुस्त करायला हात लागतात असं लोकांना वाटतं. आमचे हे म्हणायचे, हात काय, सगळ्यांनाच असतात, कान लागतो. आणि होताच त्यांना तसा कान. गल्लीच्या टोकाला स्कूटर वळली की बसल्या जागी सांगायचे, क्लचप्लेट गेलीय, नाहीतर सायलेन्सर तुंबलाय. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत निम्मं काम झालेलं असायचं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, आणि "मिस्त्रींचा कान" हा शब्द तर आमच्या भागात म्हणीसारखा झाला होता. मला बाई कौतुक वाटायचं. तोंडावर कधी बोलले नाही, आधीच नाकाने कांदे सोलणारा माणूस, त्याला आणखी कशाला चढवा?

दोन वर्षांपूर्वी तो कान गेला. एकदम नाही, हळूहळू. आधी नळ वाहत राहायला लागला, मग दार वाजलेलं कळेना. लेकीनं कानाचं यंत्र आणून दिलं, ते ह्यांनी कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं. म्हणाले, "आंधळ्या शिंप्याकडे कोणी कापड टाकतं का?" खरंच होतं ते.

मग सगळं कसं चाललं? तर सांगते. गॅरेजच्या मागच्याच खोलीत आमचं घर. मधे एक दार. तीस वर्षं भिंतीपलीकडून इंजिनं ऐकली की स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही नको ते कळायला लागतं. एकदा एक गिऱ्हाईक गाडी चालू करून उभं होतं आणि हे नुसतेच तिच्याकडे बघत होते. घामाघूम झालेले. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चहा झाला का असं विचारावं तसं. मी एक बोट वर केलं. म्हणजे आवाज इंजिनाच्या वरच्या भागातला. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "टॅपेट." तेव्हापासून एक बोट म्हणजे वरचा आवाज, दोन बोटं म्हणजे खालचा, आणि मान हलवली की काही नाही, गाडी सोडा. ह्यावर आमच्यात एक शब्द कधी झाला नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशात नर्सबाई आल्या. घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या, मलमपट्टी करणाऱ्या. चाळिशीच्या, बोलायला गोड, पण कायम घाईत. त्यांच्या स्कूटरमधून कटकट आवाज यायचा. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. तिन्ही ठिकाणी इंजिन उघडलं, आवाज तिथेच. शेवटच्या शहाण्यानं तर असं काही करून ठेवलं की गाडी चालूच होईना.

"मिस्त्री, आता तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या. "गाडी माझ्या दाराशी उभी आहे. मला ड्यूटी आहे, मी काही ढकलत आणू शकत नाही. पेशंट चालत गाठतेय सध्या, पाय राहिले नाहीत."

हे त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. निम्मं कळलं असावं. बाकीचं मी नंतर, काही काम असल्यासारखी पुढे जाऊन, ह्यांच्यासमोर उभी राहून बोलले.

टेम्पो बोलवा म्हटलं. छे! "एवढ्याशा अंतराला टेम्पो? मिस्त्रीकडे गाडी टेम्पोतून आली तर लोक हसतील." मग त्यांनी आपली स्कूटर काढली, मला मागे बसवलं आणि दोरी घेतली. नर्सबाईंच्या दाराशी ती बिचारी गाडी उभी होती, सीटवर धूळ. ह्यांनी दोरी बांधली, मला तिच्यावर बसवलं आणि म्हणाले, "तू फक्त हँडल सरळ धर. बाकी मी बघतो."

आयुष्यात मी कधी हँडल धरलं नव्हतं. छप्पन्न वय माझं. पण बसले. नवऱ्याचं ऐकायची सवय वाईट.

दोरी पन्नास पावलांवर तुटली. फट् करून आवाज झाला, मी जागच्या जागी थांबले, आणि हे आपले पुढे. मी ओरडले, "अहो! अहो!" रस्त्यावरचे चार जण वळून बघायला लागले, एक हे सोडून. पाठीमागे दोरीचं शेपूट नाचवत ऐटीत गेले ते वळणापलीकडे दिसेनासे झाले. मी एका पायावर तोल सांभाळत, हसू की रडू, अशी. पाच मिनिटांनी परत आले, तोंड एवढंसं करून.

"आता मी मागून पायानं ढकलतो," म्हणाले. "म्हणजे तू डोळ्यांपुढे राहशील."

तसं करतात बरेच जण. मागच्यानं आपल्या चालू गाडीवरून एक पाय पुढच्या बंद गाडीला टेकवायचा आणि रेटायचं. खरं सांगते, छान चाललं. पुढे उतार लागला आणि माझी गाडी आपल्या वजनानं जायला लागली. ह्यांचा पाय सुटला, त्यांची गाडी जरा मागे राहिली. आणि तेव्हा मला ऐकू आलं. कट्. कट्. कट्. इंजिन तर बंद! चाकाच्या वेगाबरोबर तो आवाज वाढत होता, आणि हँडलमधून माझ्या तळहातात हलकंसं टोचत होतं. पुढचं चाक. अगं बाई, मनात म्हटलं, तिघांनी डोंगर पोखरला आणि उंदीर बसलाय तो भलतीकडेच.

ह्या आनंदात मी समोर बघायची विसरले. उताराखालच्या वळणावर एका दुकानापुढे गवंडी ओलं सिमेंट पसरून त्यावर फळी फिरवत होता. एव्हाना ह्यांनी परत येऊन पाय लावला होता. मी ओरडले, "थांबा!" मग हात वर केला. ह्यांना वाटलं, बायकोला मजा येतेय. आणखी जोरात रेटलं.

मी, गाडी आणि माझी चप्पल, तिघंही थेट सिमेंटात. पडले नाही एवढंच. पुढचं चाक वीतभर रुतलं. गवंडी फळी टाकून उभा राहिला. "काय हो काका, ती बाई केव्हाची थांबा थांबा म्हणतेय, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

आणि माझी जीभ! उचलली नि लावली टाळ्याला. त्या गवंड्यासमोर, सिमेंटात उभी राहून, मी तोंडभर बोलले, "नाहीच येत! बहिरे झालात तुम्ही, बहिरे!"

त्यांना ऐकू आलं नसेल. पण ओठांवरून वाचलं त्यांनी. चेहरा खाडकन उतरला. चूक माझी. दोन वर्षं जे मी दारात उभी राहून झाकलं, ते रस्त्यावर फेकून दिलं. गवंड्याची माफी मागितली, त्यानं बिचाऱ्यानं चाक बाहेर काढायला मदत केली, फळी फिरवून सगळं परत सपाट केलं. उरलेलं अंतर आम्ही एकेक गाडी हातानं ढकलत आणली. एकमेकांकडे न बघता.

घरी आल्यावर ह्यांनी चाकाचं सिमेंट धुतलं आणि कामाला लागले. अर्ध्या तासात गाडी का चालू होत नाही ते शोधलं. कार्बोरेटर काढला की आत कचरा जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडात चिंधी कोंबतात आणि परत बसवताना काढतात. मागच्या शहाण्यानं ती काढलीच नव्हती! ओढून काढली तर निघाली वीतभर. एरवी ह्यांनी ती मला दाखवायला आणली असती, दोघं हसलो असतो. आज चिंधी कोपऱ्यात टाकली आणि पाठ फिरवली.

मी चहा घेऊन गेले. कप घेतला, नजर नटावर. "अहो, आवाज पुढच्या चाकात आहे," मी म्हटलं. पाठीला म्हटलं, म्हणजे कुणालाच नाही. समोर जाऊन उभी राहिले तर दुसऱ्या बाजूला वळून बसले. कागदावर लिहून पुढ्यात ठेवावं असं आलं मनात. पण माझाही स्वभाव काही कमी नाही. म्हटलं, राहू दे. एवढा राग आहे तर शोधा म्हणावं तुमचं तुम्ही.

त्यांनी गाडी चालू केली, एक चक्कर मारून आणली. स्टँडला लावून पुढचं चाक हातानं फिरवलंही. रिकामं चाक मुकाट फिरलं. वर माणूस बसल्याशिवाय तो आवाज येतच नव्हता. आणि माणूस बसला तर इंजिन चालू, त्यात तो आवाज अर्धा बुडून जायचा. ऐकणाऱ्यालाही पटकन उमगला नसता, ह्यांची तर गोष्टच सोडा.

संध्याकाळी नर्सबाई आल्या, खांद्याला औषधांची बॅग. मी दारात उभी राहिले, नेहमीसारखी. हे नेहमीसारखे बघतील म्हणून. बघितलंच नाही. बोल्टवर फडकं मारत राहिले आणि म्हणाले, "झाली गाडी. आवाज गेला."

"गेला?" बाईंचा चेहरा फुलला. "मिस्त्री, तुमचा कान म्हणजे कान! तिघांना जमलं नाही बघा."

हे हसले. कसंनुसं. मला ते हसू बघवेना. बाईंनी बॅग अडकवली, सीटवर बसल्या, किक मारली. गाडी एका किकेत चालू. मी मनात म्हणतेय, बोलू नकोस. बोललीस तर सकाळी रस्त्यावर जे झालं ते आता गॅरेजात, गिऱ्हाईकासमोर होईल. उद्यापासून कोण गाडी टाकेल इथे? तीस वर्षांचं नाव. आणि दुसरीकडे दिसतेय ती बाई, रोज त्या उतारावरून जाणारी. आवाज आला तरी म्हणेल, मिस्त्री म्हणालेत गेला, म्हणजे भासच असणार. आणि एक दिवस चाक जाम होईल जागच्या जागी.

मी जाऊन गाडीपुढे उभी राहिले. "ताई, उतरू नका, पण इंजिन बंद करा. आवाज गेलेला नाही. पुढच्या चाकात आहे."

बाईंनी इंजिन बंद केलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे. "तुम्हाला कसं माहीत, वहिनी?"

"सकाळी मीच बसले होते हिच्यावर. ऐकलाय मी."

हे बघत होते. ह्या वेळी माझ्या तोंडाकडेच बघत होते. मला वाटलं आता भडकणार. फडकं टाकून आत निघून जाणार. मी मनाची तयारीही केली होती. पण ते आले, गाडीच्या पुढे उकिडवे बसले आणि चाकाच्या आसाशी आपली पाची बोटं लावली.

"ढकल," मला म्हणाले. "हळू."

मी मागून ढकललं. बाई वर बसलेल्या, गाडी दोन पावलं, चार पावलं पुढे, आणि हे उकिडवेच सरकत तिच्याबरोबर, डोळे मिटून. कट्. कट्. मला स्पष्ट येत होतं. त्यांच्या भुवया हलल्या. बोटं तशीच राहिली. आणखी चार पावलं गेल्यावर म्हणाले, "आहे. बेअरिंग फुटलंय."

मग ते उठले. गुडघे दुखतात त्यांचे, हँडलचा आधार घेऊन उठले. बाई खाली उतरल्या होत्या.

"बाई," ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मघाशी आवाज गेला म्हणालो तो मला मुळात आलाच नव्हता. तुम्हाला तशीच पाठवत होतो मी. इथे आवाज ही ऐकते. मी फक्त हात चालवतो."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सकाळच्या माझ्या शब्दांची लाज, आणि ह्या माणसाबद्दल काय काय, सगळं एकदम. आता बाई बॅग उचलणार आणि गाडी ढकलत पाचवं गॅरेज गाठणार, दुसरं काय? मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

बाईंनी बॅग उचललीच. तिचा पट्टा हँडलमध्ये अडकला होता, तो खाली मान घालून सोडवत सोडवत त्या काहीतरी बोलल्या. मान खाली, ओठ दिसायची सोयच नाही.

दोन वर्षांत ह्यांनी "काय म्हणालात?" असं एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. हसायचे, मान डोलवायचे, मागाहून मीच आपणहून सांगायचे. आज माझ्याकडे वळले आणि बाईंच्या देखत, चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या?"

मी डोळे पुसले आणि त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं, "विचारताहेत, गाडी उद्या किती वाजता न्यायला येऊ."

"दहा वाजता," ते म्हणाले आणि पाना शोधायला लागले.