थायलंडच्या पैंजणाला हुपरीचं घुंगरू

चांदीचा धंदा करणाऱ्या गणपतरावांची पांढरी गाडी गल्लीत शिरली तेव्हा बाळाबाई दारात बसून वांगी चिरत होती. उठली नाही. असल्या माणसासाठी गुडघ्यांना त्रास कोण देणार?

ह्याच गणपतरावानं हुपरीतल्या साऱ्या चांदी कारागिरांना गोळा करून मोर्चा काढला होता. थायलंडशी करार झालाय, तिकडची मशीनची पैंजणं बिनजकातीची येणार, आपल्या पोटावर पाय आला, असं ओरडून ओरडून गड्याचा घसा बसला. भाषणात रडलासुद्धा! चाळीस वर्षं पैंजणाला घुंगरं डाखणारी, डाख वितळवून जोडणारी बाई म्हणून बाळाबाईला भर उन्हात फलक देऊन सगळ्यांच्या पुढं उभी केली. आणि मोर्चाची धूळ बसायच्या आत ह्याच पठ्ठ्यानं गावात सगळ्यांच्या आधी तिकडचा माल मागवला. तेव्हापासून बाळाबाईच्या घरची डाखायची गॅसची बत्ती पेटलेली नव्हती. थुंकायच्या लायकीचा माणूस, पण थुंकून आपलं तोंड कशाला विटाळा!

"मावशी, काम आणलंय," म्हणत गणपतरावांनी पिशवी कट्ट्यावर ठेवली. आत पन्नास जोड थायलंडची पैंजणं. "परतेकाला एकच घुंगरू हातानं डाखायचं. बाकी काय न्हाय."

"कशापायी?"

"खोक्यावर 'हुपरीची हस्तकला' छापायचं हाय की. एक घुंगरू हातचं असलं म्हंजे खोटं कुठं झालं?"

"आणि मोर्चात रडलासा तवा डोळ्यांत कांदा पिळला हुता व्हय?" बाळाबाई विळी सारून कडाडली. "चाळीस वर्सं माझं काम माझ्या नावानं इकलं. आता ह्या डबड्याला माझ्या हाताचं नाव? उचला ती पिशवी!"

लाजेल तो गणपतराव कसला. त्यांनी खिशातून एक पैंजण काढून तिच्या हातात दिलं.

"तुमच्या श्यामलानं केलंय. गेल्या आठवड्यात ईस जोड न्हेलं तिनं."

सून आतून पदराला हात पुसत आली. ना घाबरली, ना लपली.

"केलं. शेजारच्या आक्काच्या परड्यात बसून केलं," श्यामला म्हणाली. "सहा म्हयनं झालं हाताला काम न्हाय, आत्ती. तुमचा ताठा शिजवून पोरीला वाढू काय?"

बाळाबाई तिला चांगलं फैलावर घेणार होती, पण नजर हातातल्या पैंजणावर गेली. घुंगराच्या बुडाशी डाखाचा हा एवढा गोळा!

"हे डाखलंय का शेंबूड पुसलाय गं?"

"गिऱ्हाईक बी त्येच म्हणालं," गणपतराव गाडीकडं वळत म्हणाले. "हुपरीच्या बायकांना आता काम जमत न्हाय, म्हणालं."

विनवणी नाही, धमकी नाही. पिशवी तिथंच ठेवून गडी निघून गेला. हलकट होता, पण माणूस बरोबर ओळखत होता.

"बत्ती आण," बाळाबाई सुनेवर खेकसली. "टाकणखार आण, चिमटा आण. डोळं फाडून बघ डाख कसा बसतो त्ये."

तिनं आधी श्यामलाचं घुंगरू उतरवून नीट बसवलं. मग नुसतं दाखवायला म्हणून पिशवीतलं एक घेतलं. मग दुसरं. "ज्योत अशी तिरकी धर, बावळट. चांदी लाल व्हायच्या आत हात काढ." तोंडाचा पट्टा चालू आणि हातही चालू. मशीनला शिव्या, थायलंडला शिव्या, गणपतरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार. डावं-उजवं एका सुरात वाजत नाही म्हणून तिनं सगळे जोडही पुन्हा लावले. ते तर तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवेलागणीला शेवटचा जोड तिनं कानाशी हलवला. दोन्ही पायांचा आवाज एक. बाळाबाई मनापासून खूश झाली.

श्यामलानं तो जोड हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"आत्ती, आता कुणाच्या बापाला वळखायचं न्हाय हे थायलंडचं हाय म्हणून!"

सून कौतुकानंच बोलली. बाळाबाईच्या हातातला चिमटा तसाच राहिला. गणपतरावाची आली नव्हती इतकी किळस तिला स्वतःची आली. पन्नास जोड समोर मांडलेले होते आणि एकाही डाखात नाव ठेवायला जागा नव्हती.

तिनं बत्ती विझवली.

"उद्यापास्नं ह्या खोट्याला तू हात लावू नगंस," ती सुनेकडं न बघता म्हणाली. "मीच करीन."