रविवारचे डबे

शांतवन पाळकांनी परातीत पाणी ओतलं ते जास्तच झालं. कणीक बोटांना चिकटली. त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"वरून थोडं पीठ घ्या," सुलाबाई आतून म्हणाल्या. रात्रीचा ताप अजून उतरला नव्हता. खाटेवरून त्यांना नवरा दिसत नव्हता, पण परात चाचपडल्याचा आवाज येत होता.

पाळकांना बोलता येत नव्हतं. गेल्या वर्षी घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्यावरच्या छिद्रातून ते श्वास घेत, त्यावर पातळ रुमाल बांधलेला असे. नाशिकच्या चर्चच्या मंडळीत त्यांनी आयुष्यभर उपदेश केला होता. त्यांची प्रार्थना ऐकायला लोक लांबून येत. आता मनात प्रार्थना सुरू केली की वाक्य ओठांशी येऊन मागे फिरे. काही महिन्यांपासून त्यांनी प्रयत्नच सोडला होता. हे त्यांनी कुणाला लिहूनही कळवलं नव्हतं.

सुलाबाई सातपूरच्या कामगारांना जेवणाचे डबे देत. तिथल्या कारखान्यांची सुट्टी शनिवारी, त्यामुळे रविवारीही डबे जायचेच.

बाहेर स्कूटर थांबली. मंडळीचे सेक्रेटरी सुयश दारात आले.

"पाळकसाहेब, तयार नाही झालात? आज प्रभुभोजन आहे. नंतर तुमच्यासाठी खास प्रार्थना ठेवलीय."

पाळकांनी कणकेचे हात दाखवले आणि आत बोट केलं.

"डबे एक दिवस बंद ठेवा ना. लोक समजून घेतील."

"जा तुम्ही," सुलाबाई म्हणाल्या. "मी नौशादला फोन करते, आज डबे न्यायला येऊ नको म्हणून."

प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा रविवार पाळकांनी आजारपणातही चुकवला नव्हता. तरी त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यात थोडी सुटकाही होती, हे त्यांचं त्यांना कळत होतं.

सुयश गेले. चपात्या वेड्यावाकड्या झाल्या. फोडणीच्या धुरानं पाळकांना ठसका लागला, तेव्हा त्यांनी गळ्याचा रुमाल ओला करून घेतला. मग ओट्यावर डबे मांडले आणि एकेक डबा पळीनं वाजवून ते दाराकडे बघू लागले. प्रत्येक डब्याचा आवाज सुलाबाईंच्या ओळखीचा होता.

"लाल झाकणाचा ना? अमीरचा. त्याला भाजी वरवरची घाला, तळाला तिखट बसतं. पोट बरं नसतं त्याचं."

पाळकांनी पळी वरच्यावर फिरवली.

"मोठा डबा गेणूचा. दोन चपात्या जास्त ठेवा. बायको बाळंतपणाला वणीला गेलीय, रात्रीही तो हेच खातो."

पुढचा डबा वाजला. "हा खंडेरावचा. भात मऊ असू द्या. दाढ काढलीय."

पाळकांनी भात बोटांनी दाबून पाहिला, वर आणखी वरण ओतलं. उपासनेत दर रविवारी ते कष्टकरी बांधवांसाठी प्रार्थना करत. त्या बांधवांपैकी एकाचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी पुढचा डबा वाजवला.

"तो सनीचा. त्याचं काही नाही. सगळं खातो."

त्यांनी पुन्हा वाजवला.

"अहो, खरंच काही नाही." आतून खाट करकरली. "आई गेली त्याची मागच्या महिन्यात. एवढंच."

पाळकांनी झाकण लावलं नाही. डब्याच्या काठावर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले. वाफ तोंडावर येत होती. एकही शब्द ओठांशी आला नाही आणि त्यांनी तो शोधलाही नाही.

"भरले का सगळे?" आतून आवाज आला.

त्यांनी झाकण लावलं. पुढच्या प्रत्येक डब्यावरही ते तसेच हात ठेवून उभे राहिले, त्यामुळे वेळ लागला. नौशादला दारात थांबावं लागलं. सगळे डबे मोटरसायकलला नीट अडकवून तो गेला.

सुलाबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. घड्याळात अकरा वाजत आले होते.

"संपली असेल उपासना," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे चुकली तुमची."

पाळकांनी नकारार्थी मान हलवली.

"नाही कशी? प्रभुभोजन होतं आज."

त्यांनी पुन्हा मान हलवली. नवरा आपली समजूत घालतोय, असं सुलाबाईंना वाटलं. त्या पाटावर टेकल्या.

"उद्या बरं वाटेल मला. मी करीन उद्याचं."

यालाही पाळकांनी मान हलवून नकार दिला, आणि फडताळातून मटकी काढून ती उद्याच्या डब्यांसाठी पाण्यात भिजत घातली.