बैठकीखालचा शेरा

मी 'ओबडधोबड' बोलतोय. दचकू नका, पुढची वाक्यं जमेल तितका रंधा मारून आणली आहेत.

माझा जन्म कुण्या पंडिताच्या घरी झाला नाही. खडबडीत फळीवर हात फिरवताना कुणाच्या तरी बोटात काटा घुसला आणि तोंडातून मी पडलो, तोही तुकड्यातुकड्यांत. माझा अर्थ सोपा: सफाई नसलेला, कसाबसा घडवलेला. 'सुबक' आणि 'रेखीव' यांना लोक मानाने बोलावतात. मला तोंडावर फेकतात.

माझा मुक्काम एका सुतारकामाच्या कारखान्यात. तिथली रीत अशी, की वस्तू पुरी झाली की मालक तिच्या खाली पेन्सिलीने शेरा लिहितो. 'ठीक' लिहिलं तर दुकानात, मला लिहिलं तर लाकूड चिकटवायचा सरस तापवायच्या शेगडीत. काय पण माझा पायगुण!

मालकाच्या मुलीने तीन आठवडे खपून पहिलं स्टूल केलं. 'ठीक' आलं, तर तिला स्वतःचं कामाचं टेबल मिळणार होतं. नाहीतर पुन्हा दुसऱ्यांच्या फळ्या घासणं.

बाबांनी डोळे मिटून कडेवरून तळहात फिरवला, स्टूल उलटं केलं आणि मला लिहून टाकलं. पोरीने खालचीच बाजू सगळ्यात गुळगुळीत केली होती, कारण शेरा तिथे पडणार! ही चूक सुताराच्या पोरीनेच करावी. इतक्या मऊ जागेवर बसायची मला सवय नाही, लाजच वाटली.

"बाबा, तुम्ही नीट बघितलंच नाही!"

"हाताला कळतं. तू जन्मायच्या आधीपासून फिरवतोय."

"तेच ऐकत मोठी झालेय. आणि तुमची ही खुर्ची? केवढी डुगडुगते!"

"ती आजोबांची. तिला नावं ठेवायची नाहीत."

असं म्हटल्यावर तिने ती उलटी केलीच. आणि मी उघडा पडलो. आजोबांच्या अक्षरात, पुसट, आणि माझ्याखाली: 'चिरंजीवांचं पहिलं काम'. चाळीस वर्षं मी तिथेच होतो. पण मला विचारतं कोण? मोठ्यांना आपलं पहिलं काम किती सोयीने विसरता येतं!

"म्हणजे ही तुम्ही केलीय?"

बाबांनी त्या पुसट अक्षरांवरून बोट फिरवलं. "जाळायलाच नेत होतो. आजोबा म्हणाले, थांब, पाय दुखतायत, जरा टेकतो."

"मग?"

"मग काय, रोजच टेकायला लागले."

त्यांनी स्टूल सरळ केलं आणि त्यावर बसले.

"डुगडुगतंय."

"खुर्चीपेक्षा कमी."

"तोंड बघ कसं चालतंय! डावीकडचं टेबल रिकामं कर. तुझी हत्यारं ठेव तिथे."

मला मात्र त्यांनी पुसलं नाही. बरोबरच केलं, स्टूल होतंच तसं. आता मी दोन बैठकांखाली राहतो, आणि वरच्यांचं वजन सोसतो. तुम्हीही मला खुशाल लिहा. फक्त शेगडी पेटवण्याआधी एकदा टेकून बघा.